चाळीस दिवसांची विचारपूस

परवा गांधीबागेत एका दुकानात चादरी बघत उभी होते. शेजारी एक तरुण मुलगी पडद्याचं कापड मोजून घेत होती. दुकानदाराने मीटरपट्टी खाली ठेवली आणि जरा संकोचून तिला म्हणाला, "ताई, कपाळाले काहीतरी लागलं आहे तुमच्या. काळं काळं." मुलीचा हात कपाळाकडे गेला आणि मध्येच थांबला. "राहू द्या भैया," ती म्हणाली, "मुद्दाम लावलेलं आहे." दुकानदाराला काही उमगलं नाही. मला उमगलं. राखेचा बुधवार होता. सकाळच्या मिस्सेत, चर्चमधल्या उपासनेत, फादरांनी अंगठ्याने कपाळावर राखेचा क्रूस काढून दिलेला, तो घेऊन ती तशीच बाजारात आली होती.

म्हणजे आमचा उपवासकाळ सुरू झाला. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस.

नागपुरात हे दिवस मोठे चमत्कारिक असतात. थंडी गेली म्हणेस्तोवर दुपारचं ऊन पाठीवर बसायला लागतं. हातगाड्यांवर मृग बहाराची संत्री रचलेली असतात आणि उमरेडच्या रस्त्याला पळस पेटलेला असतो. घरोघरी कूलर गच्चीवरून खाली येतात, गेल्या वर्षीचं काळं पडलेलं गवत उपसून नवं भरतात आणि पहिल्या दिवशी त्याच्या ओल्या वासाने घर भरून जातं. लहानपणी कामठीला माझ्यासाठी तोच उपवासकाळाचा वास होता. शुक्रवारी घरात मटण नाही, आईच्या हातची वाटाण्याची उसळ, आणि संध्याकाळी चर्चमध्ये क्रुसाची वाट. गुडघे टेकले की दिवसभर तापलेली फरशी फ्रॉकमधून चटका द्यायची.

पण आता उपवासकाळ म्हटलं की मला ते लहानपण आठवत नाही. आठवतो तो पाचएक वर्षांपूर्वीचा एक उपवासकाळ. त्या चाळीस दिवसांत मी एकदाही मिस्सेला गेले नव्हते. चर्च सोडून तेव्हा मला चोवीस वर्षं झाली होती. तरी इतका भरलेला उपवासकाळ मी दुसरा पाहिला नाही.

त्याची सुरुवात एका फोनने झाली. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. बारावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत बसले होते, दुपारची वेळ. अनोळखी नंबर.

"रीटा आहे का?"

"बोलतेय."

"मी ॲग्नेस. उमरेडकडच्या कोळसा खाणीच्या दवाखान्यात नर्स होती. तुले नाही आठवणार. तू कामठीले क्वायरमधी पहिल्या लायनीत उभी राहायची. दोन वेण्या, लाल रिबिनी. मी सुट्टीत माहेरी आली का तुले ऐकायची."

"बोला ना बाई."

"बोलायचं काही नाही वं. कशी आहेस, तेवढंच विचारायचं होतं."

बरी आहे, म्हणाले. घरचे? तेही बरे. "बरं, मंग ठेवते," म्हणाल्या आणि खरंच फोन ठेवला. मी लाल पेन हातात धरून बसून राहिले. मला वाटलं होतं, आता वर्गणी मागतील. नाहीतर विचारतील, चर्चला का येत नाहीस? त्या प्रश्नाचं उत्तर मी इतकी वर्षं तयार ठेवलं होतं, आणि तो प्रश्न आलाच नाही.

माझी गोष्ट फार मोठी नाही. प्रकाशशी मी कोर्टात लग्न केलं. त्याच्या आजी-आजोबांनी छप्पन्न साली इथेच, नागपुरात, धम्म स्वीकारला होता. त्या घराला त्याचा अभिमान आहे आणि तो मला पहिल्या दिवसापासून आवडला. तिथे मला कोणी काही सोड म्हटलं नाही. चर्चमध्येही कोणी चालती हो म्हटलं नाही. चर्चमध्ये विवाह झालेला नाही, तेव्हा ख्रिस्तप्रसाद घेता येणार नाही, एवढंच तेव्हाच्या फादरांनी सांगितलं. त्यानंतरचे काही रविवार मी शेवटच्या बाकावर बसत असे. प्रसादाच्या वेळी सगळी रांग उठायची आणि त्यांना जायला वाट मिळावी म्हणून मी गुडघे बाजूला घ्यायचे. एका रविवारी गुडघे बाजूला घेण्याचा कंटाळा आला आणि मी जाणं थांबवलं. चोवीस वर्षांत ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. लग्नाआधी सुट्ट्यांमध्ये चार वेळा माझं गाणं ऐकलेल्या एका बाईच्या मात्र आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना फोन केला आणि संध्याकाळी घरी गेले.

शहराच्या उत्तरेला दोन खोल्या. दाराशी तुळशी वृंदावनाएवढ्या कुंडीत कोरफड. ॲग्नेसबाई तेव्हा सत्तरीला टेकलेल्या, उंच, पाठीने जरा वाकलेल्या. हात मात्र नर्सचेच, सतत काहीतरी करणारे. त्या वाटाणे सोलत होत्या. मलाही एक ताटली दिली आणि सोलता सोलता सांगत गेल्या.

लवकर स्वेच्छानिवृत्ती घेऊन नागपुरात आल्यावर त्यांनी अठरा वर्षं चर्चच्या वेदीवरची वस्त्रं धुतली होती. धुवायची, हलकी खळ घालायची, इस्त्री करून शनिवारी पोचवायची. मग नवऱ्याला, पीटरला, अर्धांगाचा झटका आला. त्याला एकटं टाकून रविवारी निघणं जमेना. दुसऱ्याच शनिवारी एक बाई दाराशी आल्या. "म्हणे, तुमचं आता अवघड आहे, आम्ही वस्त्रांची दुसरी सोय केली. मी म्हटलं, आत ये, पीटरले भेट. तिले घाई होती." दोन वर्षं पीटर अंथरुणावर होता. त्या दोन वर्षांत कोणी आलं नाही. तो गेला तेव्हा मात्र सगळे आले, फुलं घेऊन. त्यानंतर ॲग्नेसबाईंची पावलं तिकडे वळली नाहीत.

"राग आला असेल," मी म्हणाले.

"राग नाही, वाईट वाटलं. आणि मंग एक दिवस मनात आलं, का मी तर अठरा वर्षं आतमधी होती. तेव्हा मी कोणाले जाऊन विचारलं? दर रविवारी एखादी जागा रिकामी दिसे. वाटे, आज फर्नांडिसबाई नाही आल्या. पुढच्या रविवारी वाटे, आजही नाही आल्या. तिसऱ्या रविवारी ती जागा दुसऱ्याची होऊन जाय, आणि मी घरी येऊन वस्त्रं इस्त्री करत बसे."

हातातली शेंग सोलायची राहून गेली माझी. दुखावलेली माणसं मी खूप पाहिली आहेत, मीही त्यांतलीच. आपल्या जखमेकडे बघताना जिला दुसऱ्याची जखम दिसली, अशी बाई मी पहिल्यांदा पाहत होते.

त्यांनी एका जुन्या वहीच्या मागच्या पानांवर आठवतील तेवढी नावं लिहून काढली होती. येणं थांबलेल्या माणसांची नावं. कुठून कुठून नंबर मिळवले आणि रोज दोघांना फोन करायला घेतला. कशी आहेस, कसा आहेस, एवढंच. पुष्कळांनी झटकून टाकलं. काहींनी फोन आपटला. काही मात्र बोलायला लागले की थांबेनात.

"आता मले वाटून राहिलं," त्या म्हणाल्या, "का ह्यायले एकमेकांशी बोलता आलं पाहिजे. मी एकटी किती पुरणार? फोनवर चेहरे दिसतात म्हणे सगळ्यांचे एकदम. ते तुले येते का?"

मला येत नव्हतं. प्रकाशला येत होतं. तो वीज विभागात नोकरीला, यंत्रांशी त्याची दोस्ती. कोरोनाच्या बंदच्या दिवसांत आमच्या सगळ्या नातेवाइकांचे चेहरे त्यानेच फोनवर जमवले होते. रविवारी तो ॲग्नेसबाईंकडे गेला आणि तीन तास शिकवून आला. परत आल्यावर म्हणाला, "मी आजवर इतके शिकाऊ घडवले, ह्या बाईएवढं ध्यान देऊन कोणी शिकलं नाही. प्रत्येक बटनाचं नाव लिहून घेतलं तिनं." ग्रुपचं नाव काय ठेवायचं विचारलं, तेव्हा ॲग्नेसबाईंनी क्षणभरही न थांबता सांगितलं होतं, विचारपूस.

राखेच्या बुधवारी संध्याकाळी सात वाजता आम्ही पहिल्यांदा जमलो. पाच जणं होतो. नियम ॲग्नेसबाईंनी वॉर्डात सांगावेत तसे सांगितले. इथं कोणी कोणाले परत चल म्हणायचं नाही. कोणी का सोडलं हे विचारायचं नाही, ज्याचं त्याले सांगावंसं वाटलं तर ऐकायचं. कोणत्या फादरचं नाव घेऊन वाईट बोलायचं नाही. आणि फुलांचे, सूर्योदयाचे फोटो पाठवायचे नाहीत, त्यानं फोन भरते.

रोज अर्धा तास. एकाने शुभवर्तमानातला उतारा वाचायचा, दोन मिनिटं गप्प बसायचं, मग एकाने आपला दिवस कसा गेला ते सांगायचं. शेवटी सगळ्यांनी मिळून 'आमच्या बापा'. ते मिळून कधीच व्हायचं नाही. कोणाचा आवाज आधी पोचायचा, कोणाचा मागून, आणि प्रार्थना अशी लाटेसारखी पुढेमागे होत संपायची. दोन मिनिटांच्या शांततेत कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी होई. तिसऱ्या आठवड्यात ऊन वाढलं, घरोघरी कूलर सुरू झाले, आणि काहीच ऐकू येईना. तेव्हा ठरलं की अर्धा तास सगळ्यांनी कूलर बंद ठेवायचे. घामाने निथळत, पदराने वारा घेत बसलेले ते चेहरे मला अजून दिसतात. त्या वर्षी मी दुसरा काही उपवास केला नाही. तोच झाला.

पाचाचे पंचवीस झाले. त्यात नीलम होती, उमरेडची, तिशीची, एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर. संध्याकाळची नागपूरची फेरी संपवून आगारातल्या बाकावरून खाकी गणवेशातच ती आमच्यात यायची. मारणाऱ्या नवऱ्याला सोडून ती माहेरी आली होती. चर्चमध्ये तिला दोनदा सांगण्यात आलं, क्रूस प्रत्येकाला असतो, तू तुझा उचल. तिसऱ्यांदा ऐकायला ती गेली नाही.

आणि कन्हानचे सायमनकाका होते. खाणीत उभं आयुष्य गेलेले. त्यांचा कॅमेरा कायम बंद. आम्हाला ऐकू यायचा तो फक्त त्यांचा श्वास, लांब, घरघरणारा. माइक बंद करायला त्यांना जमत नसे आणि ॲग्नेसबाईंनी कोणाला तसं सुचवूही दिलं नाही. "असू द्या," म्हणायच्या, "तेवढंच समजते भाऊ आहेत म्हणून."

शुक्रवारी क्रुसाची वाट. तिची, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीची, चौदा स्थानं आम्ही चौदा घरांत वाटून घेतली होती. पाचवं स्थान नीलमकडे आलं. क्रुसाखाली दबलेल्या येशूला शेतावरून येणारा एक माणूस हात देतो, ते. वाचून झाल्यावर ती थांबली आणि मग गर्दीत तिकिटं फाडतानाच्या आवाजात म्हणाली, "मले एवढंच सांगायचं आहे, का ह्या माणसानं क्रूस उचलायले हात लावला. तुझा तू उचल, असं नाही म्हटलं त्यानं." ॲग्नेसबाईंनी डोळे पुसले आणि सहावं स्थान वाचायला घेतलं. गर्दीतून एक बाई पुढे होते आणि येशूचा चेहरा पुसते, ते स्थान त्यांनी आधीच मागून घेतलं होतं.

इतकी वर्षं मी भाषा शिकवते, पण 'विचारपूस' या शब्दाकडे तोवर नीट पाहिलं नव्हतं. विचारणे आणि पुसणे, दोन्हींचा अर्थ एकच. एकदा विचारून भागत नाही म्हणून मराठीने ते दोनदा विचारलं असावं. आणि पुसणे म्हणजे चेहऱ्यावरचा घाम, रक्त टिपून घेणंही. ॲग्नेसबाईंना व्याकरण ठाऊक नव्हतं. दोन्ही अर्थ मात्र त्या नोकरीभर करत आल्या होत्या.

सहाव्या शुक्रवारी प्रार्थना संपली, सगळे निरोप घेत होते, आणि सायमनकाकांचा कॅमेरा सुरू झाला. आम्ही पहिल्यांदा त्यांना पाहिलं. उशांना टेकून बसलेला, हाडं राहिलेला माणूस, नाकाला प्राणवायूची नळी. मागे एक वयस्क बाई फोन धरून उभी असावी, तिची बोटं तेवढी दिसत होती.

"मले," ते म्हणाले, आणि श्वास घेतला. "एकदा फादर पाहिजे होते. कोणी आणून देता का?"

औषध आणून देता का, असं विचारावं तसं.

पहिली नीलम बोलली. "काहून, काका? ज्यायनं तीस वर्षं तुमाले विचारलं नाही, आता त्यायलेच बोलवायचं? मंग आपण इथं काहून जमून राहिलो?"

आणखी दोघंतिघं तेच बोलले. आम्ही कोणीतरी पाठ फिरवलेली माणसं, इथेही तेच दार उघडायचं असेल तर आम्हाला नको. आवाज चढले. सायमनकाका खोकत होते आणि कॅमेरा तसाच सुरू होता. मला वाटलं, हे संपलं आज.

"नीलम," ॲग्नेसबाई म्हणाल्या, "त्यायनं मागितलं ना? मागणाऱ्याले समजवत बसायचं नसते. मी उद्या जाते."

त्या संध्याकाळी तिघांनी ग्रुप सोडला. दुसऱ्या सकाळी ॲग्नेसबाईंनी तिघांनाही फोन केला. परत या म्हणायला नव्हे, कसे आहात ते विचारायला.

मग मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेले. कन्हानचा भाग ज्या चर्चकडे येतो तिथे. फाटकाशी स्कूटर लावली आणि आम्ही दोघी उभ्याच राहिलो. डोक्यावर ऊन. आत माळी कण्हेरीला पाणी देत होता. ॲग्नेसबाईंना सहा वर्षं झालेली, मला चोवीस.

"पाय जड झाले वं," त्या म्हणाल्या.

"माझेही."

"चल. सायमनभाऊचे तर उचलतच नाहीत."

फादर तरुण होते, दक्षिणेकडचे, दोनच वर्षांपूर्वी आलेले. मराठी त्यांनी पुस्तकातून शिकली होती. "आपण कृपया स्थानापन्न व्हा," म्हणाले. मला हसू आवरेना. पण त्यांनी सगळं ऐकलं, मध्ये एकदाही न तोडता. सायमनकाका आणि सुमनबाई. सुमनबाई हिंदू, विधवा. तीस वर्षांपूर्वी ती काकांच्या घरी राहायला आली. लग्न ना चर्चमध्ये झालं, ना कोर्टात, ना मांडवात. वस्तीतली माणसं तिला काय म्हणत असतील ते सांगायला नको. तेव्हापासून काकांनी चर्च सोडलं होतं.

"यात काही नियमांची अडचण आहे," फादर म्हणाले.

"नियम मले माहीत आहेत फादर. तिकडे माणूस श्वासासाठी भांडून राहिला. तुम्ही वाट काढा. तुमचं एवढं शिक्षण त्याच्यासाठीच झालं असन ना?"

फादर हसले आणि त्यांनी वही ओढली. "मला दोन दिवस द्या. परवानगी आणावी लागेल." लिहिता लिहिता मान वर करून त्यांनी विचारलं, "पण इतक्या वर्षांत हे आम्हाला कोणीच का सांगितलं नाही?"

"तुम्ही विचारलं नाही," ॲग्नेसबाई म्हणाल्या. आवाजात काटा नव्हता. ताप किती आहे ते डॉक्टरला सांगावं, तसं सांगितलं.

निघताना फादर दारापर्यंत आले. म्हणाले, "तुमच्या त्या ग्रुपमध्ये मला येता येईल का?"

"नाही फादर. तुम्ही आले का सगळे कॅमेरे बंद करतील. तुम्ही घरी जा त्यायच्या. घर दाखवायले मी येते."

मी आयुष्यात अनेक धीट माणसं पाहिली, पण इतक्या सौम्यपणे कोणाला नाही म्हणणारं दुसरं कोणी पाहिलं नाही. आणि त्या फादरांचंही कौतुक वाटतं मला. त्यांनी मान हलवली आणि वहीत पत्ता लिहून घेतला.

ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी आम्ही कन्हानला गेलो. फादर, ॲग्नेसबाई, मी आणि प्रकाश. खाणकामगारांच्या जुन्या वस्तीतलं घर, शेणाने सारवलेला ओटा. सुमनबाई हिरव्या काठाची साडी नेसून दारातच उभ्या होत्या, फादरांची वाट अडवून.

"आधीच सांगते, मी माझ्या देवाले सोडणार नाही."

"आपणांस काहीही त्यागावे लागणार नाही," फादर म्हणाले.

"काय म्हणून राहिले हे?" सुमनबाईंनी ॲग्नेसबाईंना विचारलं.

"काही सोडू नको म्हणते."

"मंग या."

आधी आम्ही सगळे ओट्यावर बसलो आणि आत सायमनकाकांनी पापनिवेदन केलं. बराच वेळ लागला. त्यांना बोलायलाच वेळ लागत होता. मग आम्हाला आत बोलावलं. विवाहाला दोन साक्षीदार लागतात. एक ॲग्नेसबाई, दुसरा प्रकाश. फादरांनी विचारलं, सायमन, तुम्ही सुमन यांना पत्नी म्हणून स्वीकारता का? काकांनी डोळे उघडले. "तीस वर्षं झाली गा फादर," ते म्हणाले, दम घेतला, "हाव." आम्ही सगळे हसलो आणि हसताहसताच रडलो. सुमनबाई तेवढ्या रडल्या नाहीत. त्यांनी हाव म्हटलं आणि नवऱ्याच्या कपाळावरचा घाम टिपला. फादरांनी काकांच्या कपाळाला, तळहातांना तेल लावलं, ख्रिस्तप्रसाद दिला. प्रकाशने वहीत सही केली, गोल, सावकाश, घराच्या कागदावर करावी तशी. मग कैरीचं पन्हं आलं.

परत येताना कन्हानच्या पुलाच्या अलीकडे प्रकाशने स्कूटर बाजूला घेतली. खाली नदी आटून वाळू वर आली होती.

"तुले पाहिजे होतं का असं?" त्याने विचारलं. "इतकी वर्षं?"

घरात आम्ही नीट बोलतो. जीव कासावीस झाला की त्याच्या तोंडी त्याच्या आजीची बोली येते.

"मी कधी सांगितलं नाही," मी म्हणाले.

"मीही कधी विचारलं नाही."

पुढच्या वर्षी एका सोमवारी सकाळी त्याच फादरांनी दहा मिनिटांत आमचा विवाह आशीर्वादित केला. साक्षीला ॲग्नेसबाई आणि सासूबाई. सासूबाई बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून मग आमच्याबरोबर आल्या होत्या. फोटो नीट काढले नाहीत म्हणून त्या अजून कुरकुरतात. आता मी काही रविवारी मिस्सेला जाते. नीलम जात नाही. ॲग्नेसबाई कधी जातात, कधी नाही, आणि मी विचारत नाही. ग्रुप आता पुष्कळ मोठा झाला आहे. पुण्याची माणसं आहेत, आखातात नोकरी करणारी आहेत, त्यांच्यासाठी सातची वेळ अडचणीची म्हणून दुसरी एक वेळ ठेवली आहे. वहीच्या मागची पानं संपून नवी वही आली. ॲग्नेसबाई अजूनही रोज दोघांना फोन करतात. काल दुपारी मी त्यांच्याकडे होते तेव्हा एकाने त्यांचा फोन आपटला. त्यांनी त्याच्या नावापुढे बारीक अक्षरात लिहिलं, 'चिडला. पुन्हा आठ दिवसांनी.' आणि पुढचा नंबर लावला.

सायमनकाका त्यांच्या लग्नाच्या वर्षीचाच ईस्टर पाहून, त्यानंतर नऊ दिवसांनी गेले. सकाळी, चहा घेतल्यावर.

दफनाला आम्ही किती जण जाऊ याचा अंदाज नव्हता. दफनभूमीत कडुनिंबाखाली माणसं उभी होती, विखुरलेली, एकमेकांना चटकन न ओळखणारी. फोनवर आपण एवढुसे दिसतो. प्रत्यक्षात कोणी उंच निघालं, कोणी फारच ठेंगणं. मी एका बाईंना जागा दिली, त्या "थँक्यू वं बाई" म्हणाल्या, आणि मी वळून पाहिलं. हा आवाज रोज माझ्या 'आमच्या बापा'च्या मागून येत होता. मग सगळीकडे तेच सुरू झालं. कोणी बोललं की चार माना वळायच्या. अरे, तुम्ही होय! खाकी कपड्यांतली नीलम फाटकातून धावत आली, फेरी दुसऱ्यावर सोपवून. सोडून गेलेल्या तिघांपैकी दोघं आले होते. फादरांनी पुस्तकी मराठीत प्रार्थना केली. आम्ही सगळ्यांनी मिळून 'आमच्या बापा' म्हटली, आणि ती पहिल्यांदा एका सुरात झाली. इतकी एका सुरात की आम्ही दचकलो.

माती टाकून झाली तरी कोणी हलेना. रस्त्याच्या कडेला नदीच्या वाळूतली टरबुजं विकायला ठेवली होती. ॲग्नेसबाईंनी दोन मोठी घेतली, तिथेच कापून घेतली आणि सगळ्यांच्या हातात फोडी दिल्या. आम्ही उन्हात उभ्याने खाल्लं. फादरांच्या पांढऱ्या झग्यावर रस सांडला, तेव्हा नीलमने खिशातला रुमाल काढला आणि त्यांच्याकडे न बघता पुढे केला.

सुमनबाई जवळच्या एका दगडावर बसल्या होत्या. ॲग्नेसबाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"तो फोन मी आता काय करू?" सुमनबाईंनी विचारलं. "सात वाजले का मीच लावून देत होती. मी तर तुमच्यातली नाही."

उत्तर नीलमने दिलं. फोड हातात धरून ती त्यांच्यापुढे उकिडवी बसली. "मावशी, उद्या तुम्ही वाचा."

"मले वाचता येत नाही वं."

"मंग दिवस कसा गेला ते सांगा."

दुसऱ्या संध्याकाळी सात वाजता कूलर बंद झाले. कन्हानच्या चौकटीत पहिल्यांदाच सुमनबाईंचा चेहरा दिसला, फार जवळून धरलेला, अर्धा कपाळाचाच. एकाने उतारा वाचला. दोन मिनिटं आम्ही गप्प बसलो. मग ॲग्नेसबाई म्हणाल्या, "सुमन, बोल."

"काय बोलू," त्या म्हणाल्या. "सकाळी नळावर गेली होती. तिथली एक बाई मले बोलत नव्हती कधी. आज म्हणे, नवरा गेला का गं तुझा? तीस वर्षांत पहिल्यांदा कोणी त्यायले माझा नवरा म्हटलं." त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. "हाव म्हटलं मी तिले. माझाच नवरा."

सुमनबाई थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

"झालं माझं," त्या म्हणाल्या. "आता कोण सांगते?"